टोलेडोच्या पायऱ्यांवरचा इकामा

साठी उलटल्यावर लिहायला बसणाऱ्या बाईने आधी वाचकांची क्षमा मागावी, असे मला वाटते. मी काही वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला, म्हणजे इतरांनी लिहिलेले समजावून सांगितले. स्वतःचे असे एक पानही कधी छापायला दिले नाही. ज्या प्रसंगाविषयी लिहिणार आहे, तो माझ्यापेक्षा चांगला सांगू शकतील अशी माणसे तिथे हजर होती. त्यांच्यापैकी कोणी लिहिले असते, तर मी हा आगाऊपणा केला नसता. कोणी लिहिले नाही, आणि माझ्याजवळच्या त्या वेळच्या फोटोंच्या स्लाइड्सचे रंग आता लालसर पडू लागले आहेत. समर्थन म्हणून माझ्याजवळ एवढेच आहे.

आखाती युद्धाच्या वेळी आम्ही सौदी अरेबियातल्या अल-खोबरला राहत होतो. माझे यजमान धाहरानला तेलाच्या कामावर अभियंता होते. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये रत्नागिरीकडचे एक मुसलमान जोडपे राहत असे. नवऱ्याला आम्ही भाई म्हणत असू आणि बायकोला भाभी. भाईंचे फरश्यांचे दुकान होते. चालवीत ते, पण तिथल्या रीतीप्रमाणे कागदोपत्री दुकान त्यांच्या कफीलाचे, म्हणजे त्यांना जामीन राहिलेल्या स्थानिक मालकाचे. भाई तरुणपणीच आखातात आले होते. दर दोन वर्षांनी ते गावी जात, दोन महिने राहत आणि परत येत. भाभींचा संसार असा दोन-दोन महिन्यांच्या तुकड्यांनी झालेला. दोन्ही मुलींची लग्ने लागली, सासू गेली, आणि त्यानंतर कुठे कफीलाने मनावर घेतले, तेव्हा भाभींचे नाव भाईंच्या इकाम्यावर चढले. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना; ते एक लहानसे पुस्तक असे आणि त्याच्या आतल्या पानावर बायकोचे नाव व फोटो लागत असे. रस्त्यात कोणी हटकले, तर बरोबरची बाई आपली बायको आहे याचा तोच पुरावा. भाभी आल्या तेव्हा त्यांनी ते पान मला मुद्दाम उघडून दाखवले होते.

"फोटो बघा ताई," त्या म्हणाल्या, "चोर पकडल्यासारखा आलाय. पण हाय तो यांच्याच बुकात."

युद्धाच्या आधीच्या वसंतात आम्ही चौघे स्पेनला गेलो. मौजेसाठी एवढ्या दूर जाण्याची आमची ऐपतही नव्हती आणि सवयही नव्हती. यजमानांना माद्रिदला कामानिमित्त जायचे होते, आणि भाईंना तिथले फरश्यांचे कारखाने पाहायचे होते. दोघांची कामे एकाच महिन्यात आली, म्हणून दोघांनीही बायकांना बरोबर घेतले. कामे उरकल्यावर आठवडाभर आम्ही टोलेडो, कोर्दोबा आणि ग्रॅनडा ही जुनी शहरे पाहिली. मी इतिहासाची म्हणून माहिती सांगण्याचे काम माझ्याकडे आले. मी फार हळू बोलते, त्यामुळे ती माहिती बहुतेक वेळा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या भाभींनाच ऐकू जाई, आणि मग त्या ती मोठ्या आवाजात, बऱ्याच सुधारणा करून, पुरुषांना सांगत.

कोर्दोबाची जुनी मशीद आता चर्च आहे. आत नमाज पढता येत नाही, हे तिकिटाच्या रांगेतच कळले. खांबांच्या त्या अरण्यातून भाभी सावकाश हिंडल्या, बाहेर आल्या आणि संत्र्यांच्या झाडांखाली कट्ट्यावर बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "तिकडं तुमचा गणपती डब्यांच्या कपाटात आणि इकडं माझी नमाज पोटात. फिट्टंफाट झाली ताई." खोबरला आमचा पितळेचा गणपती, तिथे मूर्तिपूजेला बंदी म्हणून, खरोखरच पिठाच्या डब्यामागे असे आणि गणेशचतुर्थीला भाभी दाराकडे लक्ष ठेवून त्याला मोदक देऊन जात. तेवढ्यात भाईंनी खाली पडलेले एक संत्रे सोलून तोंडात टाकले. ते विलक्षण कडू निघाले. भाईंनी चेहरा मुळीच न बदलता, "गोड आहे," म्हणून उरलेले भाभींना दिले. त्यानंतर भाभी त्यांच्याशी ग्रॅनडा येईपर्यंत बोलल्या नाहीत.

पण मला सांगायचे आहे ते टोलेडोचे. टोलेडो उंचावर वसलेले, दगडी गल्ल्यांचे शहर आहे. तिथल्या एका चर्चच्या पायऱ्यांवर ऊन खात आम्ही बसलो होतो. खोबरच्या रस्त्यावर भाई नेहमी भाभींच्या चार पावले पुढे चालत; इथे तीन-चार दिवसांत ते अंतर हळूहळू कमी झाले होते आणि त्या दिवशी दोघे एकाच पायरीवर होते. समोरून एक पोलीस आमच्याकडे चालत आला. भाई ताडकन उठले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून इकाम्याची प्लास्टिकमध्ये घातलेली झेरॉक्स काढली (खरा इकामा पासपोर्टच्या बदल्यात कफीलाकडे ठेवून यावा लागत असे) आणि ती पोलिसापुढे धरून म्हणाले, "माय वाइफ. माय वाइफ, सर."

पोलीस वयस्कर होता. तो आम्हाला एवढेच सांगायला आला होता की पायऱ्या नुकत्याच धुतल्या आहेत, कपडे भिजतील. त्याने तो अरबी कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, भाभींकडे पाहिले, टोपीला हात लावला आणि भाईंशी हस्तांदोलन केले. बहुधा त्याला वाटले असावे, की यांचे नुकतेच लग्न झाले आहे. भाभी हसता हसता त्या ओल्या पायरीवर मागे रेलल्या. माझ्या यजमानांनी त्या क्षणी फोटो काढला.

पुढे ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले, आणि जानेवारीत युद्ध सुरू झाले. धाहरानचा विमानतळ आमच्यासारख्यांना बंद झाला. क्षेपणास्त्रांचे भोंगे वाजू लागले. विषारी वायूची भीती होती, म्हणून प्रत्येक घराने एक खोली बंद करून घेतली. आमच्या निजायच्या खोलीच्या खिडक्यांवर यजमानांनी काळे प्लास्टिक ताणून चारी कडांना चिकटपट्टी लावली. दाराच्या फटीसाठी ओला टॉवेल, एक बादली पाणी, रेडिओ आणि कामावरून मिळालेले दोन मुखवटे, असे आमचे सामान. भाईंना मुखवटे मिळाले नव्हते. त्यांच्या घराला समुद्राकडे तोंड केलेली मोठी काचेची तावदाने होती, म्हणून भोंगा झाला की ते दोघे आमच्याकडे येत.

ओळखीची कुटुंबे एकेक करून रस्त्याने जेद्दाला आणि तिथून भारतात जात होती. अशात एका गुरुवारी भाईंच्या कफीलाने निरोप दिला. तो आपल्या बायकामुलांना शनिवारी सकाळी मोटारीने जेद्दाला पाठवीत होता आणि गाडीत एका बाईपुरती जागा होती. भाभींना विमानात बसवून देण्याचीही व्यवस्था तो करणार होता. माणूस भला होता. अडचण एकच होती: त्या गर्दीत परतीचा शिक्का मिळण्याजोगा नव्हता. भाभींना कायमचे जाण्याच्या शिक्क्यावरच जावे लागणार होते, म्हणजे इकाम्यावरचे त्यांचे नाव कापले जाणार. पुन्हा ते चढेल की नाही आणि चढलेच तर किती वर्षांनी, हे कोणीच सांगू शकत नव्हते. आधीच्या वेळेला भाभींचे अर्धे आयुष्य त्यात गेले होते.

भाईंनी होकार कळवून टाकला. भाभींना त्यांनी नंतर सांगितले.

शुक्रवारी दुपारी भाभी आमच्याकडे आल्या आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून राहिल्या. मी चहा केला.

"बॅग भरली का?" मी विचारले.

"त्यांनी भरली. बायकोची बॅग भरायची हौस केवढी. दोन वेगवेगळ्या जोड्यांतल्या चपला घातल्यान."

"भाई काळजीनेच करताहेत, भाभी."

"मला ठावं आहे ना. माणूस वाईट असता तर भांडणं सोपं होतं." त्यांनी चहा बशीत ओतला. "ताई, गावात माझं काय काम आता? पोरी आपापल्या घरी. मी नि चार कोंबड्या. रेडिओला कान लावून बसायचं, खोबरचं नाव येतं का म्हणून."

त्यांचे मन दुसरीकडे वळावे म्हणून मी यजमानांना स्पेनच्या स्लाइड्स लावायला सांगितले. आल्यापासून त्या डबीतच पडून होत्या, कारण आमच्या फ्लॅटमध्ये दिवसा पुरेसा अंधार होत नसे आणि रात्री उशिरापर्यंत भाई दुकानात असत. आता ती बंद केलेली खोली भर दुपारीही काळोखी असे. मी भिंतीवर पांढरी चादर टाचली. भाईंनाही बोलावले. ते आले, पण पलंगाच्या टोकाला, निघायच्या तयारीत असल्यासारखे बसले.

माद्रिद झाले. कारखान्यांतल्या फरश्यांच्या थप्प्या झाल्या. त्या भाईंच्या सांगण्यावरून दोनदा पाहाव्या लागल्या. कोर्दोबाचे कडू संत्रे आले, तेव्हा भाभी म्हणाल्या, "हे बघा. सबूत." आणि भाई पहिल्यांदा हसले. मग, स्लाइड्स मागेपुढे लागल्यामुळे, टोलेडोच्या पायऱ्या आल्या, आणि त्याच वेळी बाहेर भोंगा सुरू झाला.

यजमानांनी दार लावून टॉवेल सरकवला. मी टेबलावरचे दोन्ही मुखवटे उचलले आणि माझ्या लक्षात आले, की आपण चौघे आहोत. याआधीच्या प्रत्येक वेळीही ते लक्षात आले होते. कोणीच मुखवटा घालीत नसे आणि त्याविषयी कोणी बोलतही नसे. त्या दिवशी भाभी बोलल्या.

"ताई, तुमी घाला की."

"चष्म्यावर बसत नाही," मी म्हणाले. ते खरेही होते.

"मग साहेबांनी घालावा."

"मला त्यात गुदमरते," यजमान म्हणाले. हे मात्र मी प्रथमच ऐकत होते.

मी ते परत ठेवून दिले. प्रोजेक्टर बंद करायचे कोणाला सुचले नव्हते. भोंगा चालू असताना आम्ही चौघे भिंतीकडे पाहत बसलो. भिंतीवर भरपूर ऊन होते. एका हातात तो कागद धरून हस्तांदोलन करणारा पोलीस, ताठ उभे राहिलेले भाई आणि पायरीवर ओढणी तोंडात कोंबून हसणाऱ्या भाभी.

दूर कुठेतरी दोन आवाज झाले. तावदाने थरथरली. काही वेळाने भाभी नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "आवो, त्या पोलिसानं विचारलं पण नव्हतं."

भाईंचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"विचारल्याबिगर धावत जाऊन दाखवलात, ही माझी बायको म्हणून. आता पण कोण विचारीत नाय, तर नाव कापायला निघालात."

"तुझ्या जिवासाठीच ना," भाई म्हणाले.

"आणि तुमचा?"

"माझं दुकान आहे."

"मग माझं पण इथंच आहे जे काय आहे ते." त्या जरा थांबल्या. "उद्या गाडीत बसवलात तर बसेन. तुमच्या शब्दाबाहेर मी कधी गेली नाय. पण मला इचारा तरी. एवढ्या वर्षांत एकदा इचारा, तुला कुठं राहायचं म्हणून."

यजमानांनी माझ्याकडे पाहिले आणि मी चादरीच्या टाचण्यांकडे. खोली लहान होती. कुठे निघून जाणे शक्य नव्हते. धोका टळल्याचा भोंगा होऊन गेला, तरी कोणी दार उघडले नाही. शेवटी भाईंनी, भाभींकडे न पाहता, भिंतीवरच्या चित्राला विचारावे तसे विचारले, "कुठं राहायचं तुला?"

"इथं," भाभी म्हणाल्या.

शनिवारी सकाळी भाई कफीलाकडे एकटेच गेले. परत आले तेव्हा जिन्यात त्यांनी मला एवढेच सांगितले, "खलास, ताई. गाडी गेली." भाभींनी बॅग उपसली आणि चुकलेल्या दोन चपलांच्या जोड्या पुन्हा लावल्या. माझ्या जाण्याचा विषयही त्या आठवड्यात घरात निघाला होता. यजमानांनी त्या दिवशी मला विचारले आणि मीही, भाभींचाच शब्द उसना घेऊन, "इथे" असे म्हटले. त्याआधी मला कोणी विचारले असते, तर मी बहुधा "तुम्ही म्हणाल तसे" म्हटले असते.

इथे संपवता आले असते, पण ते खरे झाले नसते. युद्ध संपत आले असताना एका संध्याकाळी एक क्षेपणास्त्र आमच्याच वस्तीजवळ, परदेशी सैनिक राहत होते तिथे पडले. बरेच सैनिक मेले. त्या आवाजाने भाईंच्या घराची समुद्राकडची सगळी तावदाने फुटली. भोंगा झाला होता म्हणून भाभी तेव्हा आमच्या खोलीत होत्या. त्यांना काही झाले नाही. पण त्यांची रोजची बसायची जागा, तिच्यावरची गादी आणि अर्धवट विणलेली टोपी, काचांनी भरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाभी आमच्या स्वयंपाकघरात घावने काढीत होत्या, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या काचा अजून निघायच्या होत्या. भाई बाहेर आमच्या दारात उभे होते. हातात झाडू होता. त्यांनी आवाज खाली आणला.

"ताई, तुम्ही शिकलेल्या. मी तिला ठेवून घेतली, ते बरोबर केलं का?"

आतून भाभींचा आवाज आला, "आवो, गरम आहेत तवर खाऊन घ्या."

मी भाईंच्या हातातला झाडू घेतला. ते हात धुवायला गेले. त्यानंतरची बारा-तेरा वर्षे ती दोघे खोबरलाच एकत्र राहिली आणि मग कायमची गावी परतली. भाई आता नाहीत. भाभींचा अधूनमधून फोन येतो आणि दर वेळी त्या कडू संत्र्याची आठवण काढतात. त्या सकाळचा प्रश्न भाईंनी मला विचारला होता, हे त्यांना ठाऊक नाही.

मी अजूनही उत्तर शोधते आहे. त्या दारात माझ्या जागी तुम्ही असता, तर भाईंना काय सांगितले असते?