हळद लागलेली गाडी

माझी पोस्टिंग माझ्याच भंडारा जिल्ह्यात निघाली, तेव्हा सत्तरचं दशक सरत आलं होतं. साकोलीच्या पुढं, जंगलालगत ट्रेनिंग कॅम्प होता. मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट. माहेर आसगावचं, त्यामुळं बदलीवर आले की घरी आले, तेच कळेना. सकाळी पीटी, मग सिक परेड, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, दुपारी ड्रेसिंग. फौजेत तुम्ही काय केलं असं कोणी विचारलं, की मी एवढंच सांगते आणि चहा ठेवते. आज पुढचंही सांगते.

कॅम्पात दोन अँब्युलन्स होत्या. कंपनी एक, मॉडेल एक. पहिली परदेशातून जोडून आलेली. दुसरीचे सुटे भाग पेट्यांतून आले आणि जोडणी आपल्या देशात झाली. आपल्याकडं नट आवळला की त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे. विलायतीवर तसे ठिपके नव्हते. देशी गाडीचा ड्रायव्हर लान्स नाईक श्रावण कापगते, इथल्याच एकोडीचा.

"सिस्टर, माह्या गाडीले हळद लागली," तो म्हणायचा. "ते विलायती अजून कोरीच हाये."

"मंग तिचं लगन कोण लावून देते?"

"मेजर साहेब हायेत ना. रोज पुसून राहिले तिले."

गाड्यांचा ताबा मेजरकडं होता. त्याचं नाव मी लिहीत नाही. मान ठेवून नाही, माझ्या वहीत त्याला जागा नाही म्हणून.

जुलैत इन्स्पेक्शन आलं. आदल्या दिवशी श्रावण गाडी काढायला गेला, तर ब्रेकचा पेडल मऊ लागला. तो मेजरकडं गेला. मी तिथंच होते, एका जवानाचं अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, त्याला भंडाऱ्याला न्यायचं होतं.

"सर, पेडल खाली जा रहा है. दूसरी गाड़ी मिलेगी?"

"वो इन्स्पेक्शन के लिए खड़ी है. देसी असेंब्ली में ऐसा ही होता है. चलाओ."

निघालो. श्रावण पेडल पुन्हा पुन्हा दाबत, हळू चालवत होता. मी मागं, पेशंटचा हात धरून. पुढं रस्ता तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उतरतो. उतारावर पेडल पार तळाला गेला. डावीकडं भरलेला तलाव. उजवीकडं बांधीत, धानाच्या शेतात, बाया रोपांची रोवणी करत होत्या, अगदी रस्त्याच्या कडेला. मध्ये उजव्या अंगाला एकच मोहाचं झाड.

"सिस्टर, धरून बसा," एवढंच तो बोलला. आणि गाडी त्यानं आपल्या बाजूनं झाडावर घातली.

पेशंटला काही झालं नाही. श्रावण स्टिअरिंगखाली दबला होता, शुद्धीत होता. मी गाडीतला वायरलेस सेट उचलला.

"कॅम्प, सिस्टर बोलतेय. अपघात. ड्रायव्हर गंभीर. दुसरी अँब्युलन्स पाठवा. ओव्हर."

"दुसरी पाहणीसाठी उभी आहे. थ्री-टनर ट्रक पाठवतो. थांबा. ओव्हर."

थांबले. रोवणीच्या बायांनी चिखलाच्या हातांनी दार उपटून काढलं. थ्री-टनर आला तेव्हा मी श्रावणचे डोळे मिटले होते.

पेशंटचं ऑपरेशन झालं, तो जगला. मी मात्र त्या दिवसापासून एकच गोष्ट मनात धरली. मेजरनं रिपोर्टात लिहिलं होतं: देशी जोडणीचा मूळ दोष. म्हणजे मेलेल्या पोराच्या गाडीवरच खापर. मी मोडक्या गाडीखाली आडवी झाले, साडीची पर्वा केली नाही. पुढच्या चाकाशी ब्रेकची नळी जुनाट, चिरलेली. तिच्या नटावर हळद नव्हती.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत कर्नल साहेब म्हणाले, "लेफ्टनंट, तुम्ही नर्स आहात."

"हो सर. आणि गाडीत मी होते. विलायती गाडी इथं आणा आणि पुढच्या चाकाखाली बघा."

बघितलं. त्या बिनठिपक्याच्या कोऱ्या गाडीत एकाच नटावर पिवळा ठिपका. इन्स्पेक्शनसाठी विलायतीची चिरलेली नळी देशीत गेली होती आणि देशीची चांगली विलायतीत. वर्कशॉपच्या हवालदारानं कबूल केलं, हुकूम मेजरचा होता. मी मेजरकडं बघत राहिले. त्याला घाम फुटला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आणखी काही म्हणायचंय?" कर्नलनी विचारलं.

"श्रावणच्या सामानाची पेटी मेजर साहेबांनी स्वतः एकोडीला न्यावी. काय झालं ते त्याच्या आईला सांगावं."

"शिक्षा ठरवणं तुमचं काम नाही."

"म्हणूनच मागतेय, सर."

कर्नलनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाले, "तुम्हीही सोबत जा."

मेजरचं प्रमोशन पुढं अडलं ते अडलंच. पण माझा हिशोब एकोडीला, श्रावणच्या अंगणात झाला. मेजर पेटी ठेवून पुटपुटला. श्रावणची माय कानानं अधू.

"मोठ्यानं सांग बापा. मले ऐकू येत नाही."

गल्ली गोळा झाली होती. माझ्या शेजारी उभ्या बाईनं तोंडाला पदर लावला. मेजरनं माझ्याकडं बघितलं. मी काही मदत केली नाही.

"गाड़ी अच्छी थी, माँजी," तो ओरडून म्हणाला. "उसका ब्रेक मैंने निकलवाया."

माय मग उठली, आत गेली आणि लोटाभर पाणी घेऊन आली. त्यानं ते प्यायलं.

आता भाचे विचारतात, मावशी, गाडी इथं जोडलेली घ्यावी का बाहेरची? मी म्हणते, दोन्ही सारख्याच, बाबा. एका गाडीचं काढून दुसरीला लावणारा कोण आहे, ते आधी बघा.

मायनं पाणी दिलं. मी दिलं नसतं. आजही देणार नाही.

लान्स नाईक श्रावण कापगते, एकोडी. रोवणीतल्या त्या सगळ्या बाया त्या दिवशी संध्याकाळी आपापल्या घरी गेल्या.