जंतूची कुंडली

माझ्या सासूबाईंनी मला टोमणे मारायचं सोडलं, तेव्हा घरात सगळ्यांना भीती वाटायला लागली. ताप त्याआधीपासून येत-जात होता, त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. पण एका दुपारी मी कालवणात चिंच जास्त घातली आणि त्या मुकाट्याने जेवल्या. माझ्या नवऱ्याने हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाला, "आयेला कायतरी मोठं झालंय."

आमची दोघींची तऱ्हा माहीत नसेल, तर यात घाबरण्यासारखं काय ते कळायचं नाही. मी शिरगावची, वाडीत वाढलेली. माहेरी मोगरा आणि केळी. मासे आम्हीही खायचो, पण साफ होऊन आलेले. लग्न करून सातपाटीला आले, तर पहिल्याच आठवड्यात मला विळीवर बसलेलं पाहून सासूबाई म्हणाल्या, "सूनबाय, ती मासळी मेलेली हाय. तिला कशाला घाबरतेस?" तेव्हापासून रोजचा रतीब सुरू. मी बोईसरच्या शाळेत शिकवते, त्याचंही त्यांना काडीचं कौतुक नाही. "कायच काम नाय तिला, दिवसभर नुसती बोलते," असं त्या सगळ्या आळीला सांगत. मीही काही गप्प बसणारी नाही, एकाला दोन ऐकवते. या सगळ्यात आमचं भांडण मात्र कधी झालं नाही. खरं सांगायचं तर शाळेतून घरी येताना आज काय ऐकायला मिळणार, याची मला ओढच असायची.

पालघरला एका डॉक्टरांनी टायफॉइड धरून गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी आणखी काही धरून दिल्या. ताप उतरायचा आणि पुन्हा चढायचा. चुलीपासून ओट्यापर्यंत चालतानाही धाप लागायला लागली, तेव्हा आम्ही त्यांना बोईसरच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई विदर्भातल्या, तरुण, शांतपणे बोलणाऱ्या. त्यांनी हृदयाची तपासणी करून आम्हाला सांगितलं, "हृदयाच्या झडपेवर जंतूंनी घर केलंय. कोणते जंतू ते कळलं तर नेमकं औषध देता येईल. नाहीतर झडप खराब होत जाईल, आणि मग जिवाला धोका आहे."

मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, हाताला-पायाला काही लागलं होतं का?"

"नाय."

"काम काय करता?"

"आता कायच नाय. घरीच असते."

एवढंच बोलून त्यांनी डोळे मिटले. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. गुडघे दुखायला लागल्यापासून त्यांनी टोपली घेऊन बाजारात बसणं सोडलं होतं, आणि आमच्या गावात बाजार सोडलेली बाई घरीच असते.

रक्तातले जंतू वाढवून पाहायची तपासणी झाली. काहीच वाढलं नाही. आधीच्या गोळ्यांनी जंतू अर्धमेले झाले असतील, असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. भारीतली इंजेक्शनं चालू होती, तरी ताप हटत नव्हता. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. शेजारच्या खाटेवर एका कामगाराची म्हातारी आई होती. तिच्या सुनेने मला हळूच विचारलं, "दीदी, दादी गूंगी हैं क्या?" माझ्या सासूबाईंना मुकी म्हणायची वेळ! त्यांनी ते ऐकलं असणार, पण मानही वळवली नाही. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त मुंबईच्या लॅबला पाठवू या, जनुकीय तपासणीला. आजींच्या रक्तात त्यांचा स्वतःचा डीएनए आहे, आणि चिमूटभर जंतूंचाही असेल. यंत्र सगळंच वाचतं, माणसाचं बाजूला काढतं, आणि उरलेलं कोणत्या जंतूशी जुळतंय ते बघतं. सापडेलच असं मी सांगत नाही. पण सापडलं तर समजा, जंतूची कुंडलीच मिळाली."

मला ते लगेच पटलं. जाळं रिकामं केल्यावर ढिगातून मासळी निवडतात, तसंच हे. माझा नवरा मात्र कुंडली या शब्दावर अडकला होता. एरवी तो बोईसरच्या कारखान्यात मोठमोठी यंत्रं सांभाळतो. पण त्या दिवशी अगदी काकुळतीने म्हणाला, "मॅडम, आयेची जन्मवेळ कुणाला म्हाईत नाय. भरती लागली होती, एवढंच तिची आय सांगायची. चालेल का?"

डॉक्टरीणबाईंनी हसू दाबलं आणि म्हणाल्या, "चालेल."

उत्तर आलं तेव्हा त्या स्वतः खाटेपाशी आल्या. जंतू सापडला होता! एरिसिपेलोथ्रिक्स असं त्याचं लांबलचक नाव. पण त्यांच्या कपाळावर आठी होती. "हा जंतू डुकरांच्या नाहीतर माशांच्या अंगावर असतो. ही कामं करणाऱ्यांच्या हाताला काही टोचलं, की तिथून आत शिरतो. आजी तर घरीच असतात. मग हा आला कुठून?"

मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे.

"अहो मॅडम, घरीच म्हणजे अंगणात!" मी जवळजवळ ओरडलेच. "सकाळपासून मासळीतच असतात त्या! बोंबील वाळत घालतात!"

बोंबील दोरीवर टाकायचे म्हणजे दोन-दोन घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि दोरीवर सोडायचे. बोंबलाचं अंग लोण्यासारखं मऊ, पण दात सुईसारखे. ते बोटांना लागतातच. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंचा हात उचलून उजेडात धरला. बोटांवर जुन्या-नव्या टोचण्यांचे बारीक ठिपके होते.

"आजी, काही लागलं नाही म्हणालात ना?"

सासूबाईंनी त्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि मग डॉक्टरीणबाईंकडे. यात लागलं काय, हेच त्यांना समजेना. आमच्या आळीत बोंबलाचे दात लागणं म्हणजे लागणं नव्हेच.

त्या भारीतल्या इंजेक्शनला हा जंतू जुमानणाराच नव्हता. त्याला लागू पडणार होतं पेनिसिलिन, आजोबांच्या काळातलं औषध. ते सुरू झालं. ताप उतरला, आणि या वेळी उतरलेलाच राहिला. मी रोज शाळेतून थेट हॉस्पिटलात जायचे. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, तेव्हा शेजारची सून पुन्हा म्हणाली, "बेचारी दादी, कुछ बोलती ही नहीं."

सासूबाईंनी पेज गिळली, मान वळवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "गूंगी होगी तेरी सास!"

तिची सास शेजारीच पडलेली. ती म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. मी चमचा खाली ठेवला आणि नवऱ्याला फोन लावला. "आई बोलल्या," एवढंच मला सांगता आलं. काय बोलल्या ते त्याने घरी आल्यावर विचारलं.

पेनिसिलिन बरेच आठवडे चाललं. झडप थोडी अधू राहिली आहे, पण काम भागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. आता अंगणात सासूबाई गुलाबी रबरी हातमोजे घालून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की हे सुनेचं खूळ हाय.

परवा तपासणीला गेलो, तर खोलीत नवीन डॉक्टर होते. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "आजी, काम काय करता?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी मला हाताने थांबवलं आणि खुर्चीत ताठ बसल्या.

"मासळीचं काम करते. लहानपणापासून. बोटांना रोज टोचतंय, ते पण लिवा."

डॉक्टरांनी लिहिलं. मग माझ्याकडे बघून सहज विचारलं, "आणि या?"

"ती?" सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ती कायच नाय करत. घरीच असते."

मला चांगली दोन-तीन उत्तरं सुचली होती. ती मी परतीच्या वाटेसाठी राखून ठेवली आणि डॉक्टरांना म्हटलं, "लिहून घ्या."