मी चीक नको म्हणाले

दर रविवारी फोनवर तुम्ही दोघं "वासरू दाखव" म्हणता आणि मी टाळते. कधी ऊन असतं, कधी गुडघा. खरं कारण मला लिहूनच सांगता येईल. मराठी वाचायला वेळ लागतो तुम्हाला, सावकाश वाचा.

मानसरोवर वसाहतीतल्या आपल्या घरामागे, रिकाम्या प्लॉटच्या कडेला, आपली दूधवाली राहते. तिच्या दोनच गाई. त्यातली लाल, जिच्या पाठीवर हात फिरवायला तुम्ही घाबरायचात, दीड वर्षापूर्वी रोडावू लागली. खायची पोटभर, पण शेण पातळ आणि फासळ्या वर आलेल्या. पोटात वासरू होतं. गुरांचे डॉक्टर रक्त घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी घरच्या लग्नासाठी गावी गेले. मागून रिपोर्ट दूधवालीच्या फोनवर आला, इंग्रजीत.

इंग्रजी आलं की ती माझ्याकडे येते. विजेचं बिल, मुलीच्या शाळेची नोटीस, सगळं मी वाचून देते. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

"आता गुरांचीही प्रॅक्टिस सुरू का?" आजोबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"कांई लिख्यो छै, माताजी?" काय लिहिलंय, असं ती दारातूनच तिच्या बोलीत विचारत होती.

मी चष्मा पुसला. रोगाचं नाव लांबलचक होतं. क्षयाच्या जंतूच्या जातकुळीतला, एवढं कळलं. खाली लिहिलं होतं: अँटिबॉडी, स्ट्राँग पॉझिटिव्ह. करोनाच्या लशीनंतर आजोबांच्या अँटिबॉडी चांगल्या आल्या, तेव्हा मी शिरा केला होता. मी म्हणाले, "अच्छा है. इसका शरीर लड़ रहा है."

"देखा! मेरी लाल हार मानने वाली नहीं," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले.

वर मी आणखी एक शहाणपण केलं. गाय व्याली की दर वेळी ती खरवसासाठी मला पहिल्या दिवसाचा चीक आणून देई. या वेळी मी चीक नको म्हणाले. आईच्या अँटिबॉडी त्यातच असतात, थेंबन् थेंब वासरालाच पाजा, असं बजावून सांगितलं. चार दिवसांनी कालवड झाली. तुम्ही फोनवर पाहिलीत ती हीच, पाय लटपटणारी. सगळा चीक ती प्यायली.

डॉक्टर परत आले ते त्यानंतर. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. गोठ्याच्या दाराशी उभं राहून त्यांनी सांगितलं, की ज्या पेशींनी जंतूला गिळून मारायचं, त्यांच्याच आत हा जंतू घर करतो. सुरुवातीला पेशी त्याला आवरून धरतात, तेव्हा रक्तात अँटिबॉडी फारशा दिसत नाहीत. तो जोर ओसरला की त्या वाढतात. जंतूला त्या बाहेरून चिकटतात, मग पेशी त्याला आणखी सहज गिळतात. पण गिळून मारता आलं नाही, तर त्याने भलं होतं की नुकसान, हे संशोधकांनाही अजून पुरतं उलगडलेलं नाही.

"मतलब, माताजी, इतनी ज़्यादा आई हैं, तो समझो गाय हार रही है."

हा रोग आईच्या शेणातून आणि चिकातून वासराला लागू शकतो, म्हणून वासराला जन्मताच आईपासून दूर ठेवायचं होतं. चीक दुसऱ्या, निरोगी गाईचा द्यायचा होता.

"किसी ने बताया नहीं?" त्यांनी विचारलं.

दूधवालीने माझ्याकडे पाहिलंही नाही. "किसी ने नहीं," ती म्हणाली.

लाल दिवाळीपर्यंत उभी होती. शेवटच्या आठवड्यातही चारा समोर आला की मान उचलायची.

मागच्या आठवड्यात कालवडीचं रक्त तपासलं. दूधवाली फोन घेऊन धावतच आली. निगेटिव्ह. अँटिबॉडी नाहीत.

"अब तो अच्छा है ना?"

आता मला माहीत आहे, की कालवडीच्या या वयात त्या 'नाही'वर भरवसा ठेवता येत नाही. रोग नसेलही. किंवा पेशी आतल्या आत अजून झुंजत असतील, आणखी वर्षभर, दोन वर्षं.

"पता नहीं," मी म्हणाले.

"इतनी अंग्रेज़ी पढ़ी, माताजी, और पता नहीं?" तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि गोठ्याकडे गेली.

मीही मागोमाग गेले. कालवड घमेल्यात तोंड घालून खात होती. मी तिच्या फासळ्यांकडे पाहू लागले आणि मान फिरवली.

म्हणून मी ती तुम्हाला दाखवत नाही. तुम्ही म्हणाल, आजी, किती छान खाते.