भरू दे की

पडद्यावर व्हिडिओ उघडला की आक्का आधी तो थांबवायची. मग उजव्या हाताचं बोट पडद्याला न टेकवता खालच्या करड्या रेघेसमोर धरायची. रेघ मुंगीच्या पावलाने पुढे सरकायची, तसतसं बोटही सरकायचं. मागे उभ्या असलेल्या माणसाने चुळबुळ केली की मान न वळवता म्हणायची, "भरू दे की. पळतंय काय ते?"

सायबर कॅफेत ज्यांनी तास मोजून इंटरनेट बघितलंय, त्यांना ती रेघ नक्की आठवत असेल. दोन हजार साल उलटून सात-आठ वर्षं झाली होती. फोनवर इंटरनेट होतं म्हणे, पण ते असून नसल्यासारखं. चार मिनिटांचा व्हिडिओ बघायचा तर वीस मिनिटं थांबायचं, आणि घाई केली तर ऐन रंगात चाक फिरत बसायचं. आक्का घाई करू द्यायची नाही. रेघ टोकाला पोचली की ती खुर्ची पुढे ओढायची, कॉम्प्युटरच्या पोटातला एक लपलेला कप्पा उघडायची, त्यातली सगळ्यात जड फाइल उचलायची, तिला नवं नाव द्यायची आणि फोनच्या एवढ्याशा पडद्यावर मावेल अशी करून मेमरी कार्डात भरायची. मग तुम्ही जिथं रेंज नाही तिथं जाऊन खुशाल बघा.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं ते चार मशीनचं कॅफे खरं तर तिच्या मुलाचं. त्याला पुण्यात नोकरी लागली तेव्हा तो सगळं विकायला निघाला होता. आक्का तेव्हा पन्नाशीच्या पुढची, सातवी शिकलेली, नवऱ्यामागे शिवणकाम करून घर चालवलेली. तिने मुलाला सांगितलं की विकायचं काही नाही, मला शिकव. मुलाने फोनवरून शिकवलं आणि तिने वहीत उतरवून घेतलं. वही जुनीच होती. एका बाजूने लिंबाचं लोणचं, आंबील, सांडगे, आणि उलटी केली की दुसऱ्या बाजूने व्हिडिओ. जड फाइल कशी ओळखायची हे तिने लोणच्याच्याच भाषेत लिहिलं होतं : तळाला बसलेली बघावी.

माझी तिच्याशी ओळख झाली ती म्हशींमुळे. मी दूध संघात होतो. गावोगावच्या डेअऱ्यांत जाऊन जनावरांच्या खाद्यावर भाषण द्यायचं, हे माझं काम. भाषणाला लोक जांभया द्यायचे. कुणीतरी सांगितलं की इंटरनेटवर मुरघास, म्हणजे ड्रममध्ये दाबून मुरवलेला हिरवा मका, कसा करायचा, वासराला चीक कसा पाजायचा, याचे व्हिडिओ असतात, ते फोनमध्ये भरून न्या. मी आक्काकडे गेलो. पहिल्या दिवशी मला तिने 'पावणं' म्हटलं आणि तासाभरात 'डॉक्टर' केलं. मी डॉक्टर नाही, हे मी तिला पुढे पाच वर्षं सांगत होतो.

तो पहिला व्हिडिओ घेऊन मी पेठ वडगावच्या बाजूच्या एका गावात गेलो. डेअरीत वीस-पंचवीस माणसं जमली होती. फोन मधे ठेवला, सगळी डोकी खाली वाकली, आणि मुरघासाच्या जागी एक परदेशी बाई केक करायला लागली. त्याच मशीनवर माझ्याआधी कुणाला वाढदिवसाची हौस आली असावी, आक्काने जड फाइल म्हणून उचलली ती नेमकी त्या व्हिडिओची. फोन उचलायला मी हात पुढे केला. पण माणसांनी तो केक शेवटपर्यंत बघितला. संपल्यावर एका म्हाताऱ्याने गंभीरपणे विचारलं, "सायेब, ह्येच्यात मका कुठं घालायचा?"

मी परत येऊन सांगितलं तेव्हा आक्का डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुसऱ्या दिवसापासून कॅफेत नवा नियम लागला. कार्डात भरलेला प्रत्येक व्हिडिओ ती स्वतः, गिऱ्हाइकासमोर, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघणार आणि मगच कार्ड हातात देणार. या नियमामुळे कॉलेजची काही पोरं तिच्याकडे फिरकेनाशी झाली. का, ते तुम्हीच समजून घ्या. बाकीच्यांची मात्र सोय झाली. कुणाच्या लग्नातला नाच, कुणाचं मेंदीचं डिझाइन, कुणाचा इंजिन दुरुस्तीचा धडा, सगळं आक्काच्या नजरेखालून जायचं, आणि बघता बघता तिला प्रत्येक विषयातलं कळायला लागलं.

माझ्या विषयातलं जरा जास्तच. एकदा मुरघासाचाच व्हिडिओ बघून तिने कार्ड हातात दिलं नाही. म्हणाली, "डॉक्टर, ह्या बाबानं ड्रम नीट दाबलाच न्हाय. वारं ऱ्हाईलंय आत. नासणार बगा." मी पुन्हा बघितलं. ती म्हणत होती ते खरं होतं. तो व्हिडिओ मी नेला नाही.

असं सगळं मजेत चाललेलं असताना तिच्या आईच्या डोळ्यांचं निघालं.

आई नेसरीला, आक्काच्या धाकट्या भावाकडे राहायची. ऐंशीच्या घरातली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंत चाचपडत चुलीपर्यंत जायची आणि माणूस आवाजावरून ओळखायची. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकलाय, आता थांबलात तर पुढे हातात काही राहणार नाही. त्यांनी पंधरा दिवसांनंतरची तारीखही दिली होती. पण म्हातारी तयार होईना. फार वर्षांपूर्वी त्यांच्या गल्लीतल्या कुणाचा तरी डोळा ऑपरेशननंतर गेला होता, तेवढं तिने धरून ठेवलं होतं. आक्का दोनदा नेसरीला जाऊन आली, पाया पडली, भांडली. काही उपयोग झाला नाही.

तेव्हा आक्काने तिला जे येत होतं ते केलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा व्हिडिओ शोधला. दहा मिनिटांत ऑपरेशन होतं, माणूस चालत घरी जातो, हे आईला एकदा कळलं की झालं, असा तिचा हिशेब. भावाच्या फोनला पडदा चांगला मोठा होता, फक्त गावात इंटरनेटपुरती रेंज नव्हती. तिने रेघ भरू दिली, जड फाइल उचलली, कार्ड सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळून कानातल्याच्या रिकाम्या डबीत ठेवलं आणि स्टँडवर जाऊन नेसरीच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिलं. मी तिथे सोबत होतो. कंडक्टरने डबी हलवून विचारलं, आत काय सोनं आहे का? आक्का म्हणाली, "आईचं डोळं हायत आत. जपून न्या."

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. डबी पोचली होती. पण म्हातारीला दिसत नाही, ही गोष्ट आम्हा दोन शहाण्यांच्या ध्यानातच आली नव्हती. व्हिडिओ बघितला तो गल्लीने. सगळी गल्ली अंगणात जमली, फोनभोवती वाकली आणि म्हातारीला मोठ्याने सांगायला लागली : आता डोळा चिमट्यानं फाकला, आता सुई जवळ आणली, आता घातली की गं आत! एक बाई तर बघता बघता घेरी येऊन बसली. म्हातारीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की पुन्हा माझ्यासमोर डोळ्याचं नाव काढायचं नाही.

आक्का त्या दिवशी रेघेसमोर बोट धरून बसलेली मी बघितली नाही. ती नुसतीच बसली होती. मी विचारलं, असं कसं झालं, तुम्ही तर शेवटपर्यंत बघता ना?

"ह्यो एकच बगितला न्हाय," ती म्हणाली. "आईच्या डोळ्यात सुई जाताना दिसाय लागली. डोळं मिटून घेतलो."

केक चुकून गेला होता, हा भीतीपोटी गेला होता. डॉक्टरांच्या तारखेला आठ दिवस उरले होते.

मग तिने विचारलं, "डॉक्टर, तुमच्या आईचं झालंय न्हवं ऑपरेशन?" झालं होतं, दोन वर्षांपूर्वी. आक्का उठली, शटर अर्धं ओढलं आणि माझ्या गाडीवर मागे बसून आमच्या घरी आली. माझ्या आईला म्हणाली, मावशी, माझ्या आईशी बोला. ती बघणार नाही, ऐकणार आहे. काय झालं ते खरंखरं सांगा.

व्हिडिओ घ्यायला फोन माझा, पण धरला आक्काने. माझी आई मूळची मुरगूडची, बोलायला लागली की थांबणं कठीण. तिने भीती कशी वाटली ते सांगितलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला शिव्या कशा घातल्या तेही सांगितलं. दुखलं का? नाही, नुसतं पाणी पडल्यासारखं वाटलं. मग म्हणाली, बघा, सुई ओवून दाखवते. पहिल्यांदा दोरा चुकला. दुसऱ्यांदा चुकला. मी म्हटलं, आक्का, तेवढं काढून पुन्हा घेऊ. तिने फोन तसाच धरून ठेवला. "चुकू दे की," ती म्हणाली. "खरं वाटंल." तिसऱ्यांदा दोरा गेला.

घरी जाण्याआधी आक्काने ते सगळं रेकॉर्डिंग पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. चष्मा पुसून दोनदा बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबी, पुन्हा गुलाबी कागद, पुन्हा तोच कंडक्टर.

नेसरीत पुन्हा गल्ली जमली. भावाने नंतर सांगितलं की या वेळी कुणी मधे बोललं नाही. दोन म्हाताऱ्यांचं बोलणं चाललंय, असंच सगळ्यांना वाटत होतं. फोनमधली माझी आई काही म्हणाली की तिकडून म्हातारी "व्हय गं" म्हणायची. दोरा दोनदा चुकला तेव्हा सगळे श्वास धरून बसले, आणि तिसऱ्यांदा आत गेला तशी गल्ली एका सुरात ओरडली, गेला! म्हातारीने विचारलं, कितव्यांदा? तिसऱ्यांदा, लोकांनी सांगितलं. ती म्हणाली, "मंग खरं हाय."

ऑपरेशन ठरल्या तारखेलाच झालं. पट्टी निघाली तेव्हा आक्का समोर उभी होती. आईने तिला बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "एवढी पांढरी कवा झालीस गं?" कोल्हापूरला परत आल्यावर आक्का हे सगळ्यांना सांगत सुटली. सांगताना हसायची आणि पदराने डोळेही पुसायची. आईने आपल्याला बघितलं आणि पहिल्यांदा नावंच ठेवली, याचा तिला किती अभिमान होता म्हणून सांगू!

पुढे फोन सुधारले. रेघ डोळ्यांसमोर भरायला लागली, मग दिसेनाशीच झाली. कॅफेत कुणी येईना. आक्काने मशीन विकली आणि ती नेसरीला आईजवळ राहायला गेली. म्हातारी त्यानंतर बरीच वर्षं सुई ओवत होती. ती गेल्यावर तीन वर्षांनी आक्काही गेली. भावाने फोन करून कळवलं. मी त्या दिवशी डेअरीत जाऊन भाषण दिलं, पण काय बोललो ते मला आठवत नाही.

आता माझी आईही नाही. तो व्हिडिओ मात्र आहे. एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये मी तो आणत गेलो. दोरा गेल्यावर आई हसते, आणि मग आक्काचा आवाज येतो, "बंद कुठं करायचं ह्ये?" फोन गरकन वळतो, छत दिसतं, पंखा दिसतो आणि अगदी जवळून, तिरका, आक्काचा चेहरा. चष्मा, पांढरे केस आणि काचेसमोर धरलेलं ते बोट. दोनच सेकंद. माझ्याकडे तिचं दुसरं चित्र नाही.

मी तो व्हिडिओ मधेच कधी थांबवत नाही. आक्का येईपर्यंत बघतो.