नऊ गुणांचा मुंजाजी

मुंजाजीविषयी लिहायचं मी पुष्कळ वर्षं टाळलं. कॉलेजच्या मेळाव्यात किंवा कुणाच्या सत्कारात "सर, एखादा विद्यार्थी आठवा" असं कुणी म्हटलं, की मी डॉक्टर झालेल्या, परदेशी गेलेल्या पोरांची नावं घ्यायचो. ती घेताना आवाज थोडा जड करण्याची कलाही मला साधली होती. लोकांना ते आवडायचं. मुंजाजीचं नाव मात्र कधी घेतलं नाही, कारण ते घेतलं की पुढचं सांगावं लागलं असतं. आता मी पंच्याहत्तरीत आहे. ऐकून नाराज होतील असे सहकारी बहुतेक उरले नाहीत, आणि जे उरलेत त्यांच्या नाराजीची मला किंमत वाटत नाही.

जिंतूरला बसस्थानकाच्या मागं मुंजाजीचं मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरची, बोअरमधली मोटार जळाली की लोक त्याच्याकडं आणत. तो जळकी तार काढून टाकायचा आणि नवी तार गुंडाळून द्यायचा. दुकानावर पाटी होती, 'पाना-पक्कड मोटार रिवायंडिंग'. पाटी रंगवणारा म्हणाला होता म्हणे, "दादा, देवाचं नाव टाका, नाहीतर पोरीचं टाका. हे काय नाव झालं?" मुंजाजी म्हणाला, "हे एका मोठ्या मान्सानं ठेवल्यालं नाव हाय. तू रंगव."

तो मोठा माणूस मी. ते पुढं येईलच.

दुकानात देवाच्या फोटोच्या जागी त्यानं स्वतःची बारावीची गुणपत्रिका लॅमिनेशन करून लावली होती. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करताना पक्कड, पाना, टेस्टर आणि मग ती गुणपत्रिका, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. नवीन गिऱ्हाईक मोटार खाली ठेवतंय तोच मुंजाजी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेऊन विचारायचा, "बारावीला किती?" लोकांना वाटायचं, चेष्टा आहे. चेष्टा नव्हती. त्या उत्तरावर तो रांग लावायचा.

एकदा परभणीहून एक डॉक्टर आला होता. जिंतूरजवळ त्यानं शेत घेतलं होतं आणि तिथली मोटार जळाली होती. माझाच जुना विद्यार्थी. मुंजाजीनं नेहमीचा प्रश्न टाकला. डॉक्टर हसून म्हणाला, "एक्क्याण्णव टक्के."

"मग बसा निवांत," मुंजाजी म्हणाला. "हुशार मान्साला थांबाया काय हरकत हाय? डोस्क्यात लय माल आसतो, तेवढाच वेळ जातो." मग शेजारच्या म्हाताऱ्याकडं वळून, "बापू, तुमाला किती?"

"मी न्हाई गेलो बाबा बारावीला. धाव्वीलाच बसलो खाली."

"मग तुमची मोटर आधी. च्या घ्या."

डॉक्टर संध्याकाळपर्यंत बसून होता. ही गोष्ट मला खुद्द डॉक्टरनंच संतापून सांगितली. मी त्याच्याबरोबर संतापल्यासारखं केलं. त्या एक्क्याण्णवातले किती गुण माझ्या हातचे होते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आता आमच्या कॉलेजविषयी. मी तिथं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचो. शिकवायचो म्हणजे वर्गात हजेरी घ्यायचो. शिकवणं घरी, शिकवणीत. प्रयोगशाळेचं कुलूप वर्षातून दोनदा उघडायचं. परीक्षेच्या आदल्या दिवशी शिकवणीतल्या पोरांना प्रयोगांची तयार रीडिंग सांगितली जायची. कुठला प्रयोग आला तर कुठला आकडा लिहायचा, ते पोरं पाठ करून यायची. परीक्षेला बाहेरच्या गावचे परीक्षक यायचे. त्यांना वांग्याची भाजी, पुरी, श्रीखंड असं जेवण, आणि जेवणानंतर बैठक क्रमांकांची एक यादी. यादीत काही क्रमांकांपुढं पेन्सिलीचा बारीक ठिपका. ठिपका म्हणजे आपलं पोरगं. परीक्षक ढेकर देऊन विचारायचे, "ठिपक्याला अठ्ठावीस चालतील का तीसच देऊ?" याला आम्ही परीक्षा म्हणत होतो, आणि निकाल लागला की शाल पांघरून फोटो काढून घेत होतो.

मुंजाजी वालूरहून एसटीनं यायचा. शिकवणीला नव्हता, म्हणून त्याच्यापुढं ठिपका नव्हता. अभ्यासात मध्यम, पण हात असा की बंद पडलेलं काहीही तो उघडायचा आणि परत चालू करायचा. त्याला परभणीला कृषी विद्यापीठात जाऊन शेतीच्या यंत्रांचं इंजिनिअरिंग शिकायचं होतं. अकरावीत त्यानं मला एकदाच सांगितलं होतं, "सर, पेरायचं यंत्र आसं करायचंय की कापसाच्या दोन झाडातलं अंतर त्यानंच मोजावं." मी म्हणालो, "आधी पास हो."

परीक्षेला त्याच्या गटाला मीटर ब्रिजचा प्रयोग आला. लाकडी पट्टीवर मीटरभर तार ताणलेली असते. तिच्यावर एक टोक टेकवत सरकवायचं, काटा शून्यावर आला की थांबायचं, आणि त्यावरून डबीतल्या तारेचा रोध काढायचा. आमच्या डबीचा रोध पाच ओहम. वर्षानुवर्षं पाच. पण त्या परीक्षेच्या आठवडाभर आधी ती डबी जळाली होती आणि मी कपाटातून दुसरी आणून बसवली होती. नवी आठची होती. पोरांना सांगायचा आकडा बदलायचं मी विसरलो. इतकी वर्षं कुणी मोजतच नव्हतं, तर आकडा कोण लक्षात ठेवणार?

त्या गटातल्या सात जणांनी पाच लिहिलं. मुंजाजीनं मोजलं, आणि आठ लिहिलं.

परीक्षकांनी उत्तरपत्रिका पुढं धरली. "सर, सगळ्यांचं पाच, या एकाचं आठ कसं?"

मला त्याच क्षणी कळलं. कपाट, डबी, सगळं डोळ्यांपुढं आलं. मुंजाजीचं बरोबर म्हणावं तर ते सातही जण खोटे ठरत होते, त्यांच्याबरोबर माझी शिकवणी, आणि शिकवणीबरोबर मी. मी म्हणालो, "सोडा हो. वालूरचं पोरगं आहे. टोक टेकवायची अक्कल नाही."

परीक्षक हसले आणि तिसापैकी नऊ लिहून मोकळे झाले.

निकाल लागला. कृषी अभियांत्रिकीला तीन विषयांत मिळून जेवढे गुण लागत होते, त्याला मुंजाजीचे सात कमी पडले. पाच लिहिणाऱ्या सात पोरांतले चार जण मात्र मंचावर बसून हार घेत होते. गुणपत्रिका घेऊन तो शिक्षकांच्या खोलीत आला. आम्ही पाच-सहा जण चहा घेत होतो. तो म्हणाला, "सर, फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला नऊच कशे?"

त्याला शांतपणे बाहेर नेता आलं असतं. पण मी कप खाली न ठेवता म्हणालो, "विज्ञान डोक्यानं करायचं असतं, बाळा. तुझ्या हातात पाना-पक्कड शोभेल. ते घे."

सगळे हसले. फार हसण्यासारखं काही नव्हतं, पण आमच्या खोलीत विद्यार्थ्यावर हसायला फार लागत नसे. मुंजाजी म्हणाला, "बरं सर." आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं. ते दार नीट लागायचं नाही. त्याच्या हातानं लागलं.

त्याच्या वडिलांनी परत परीक्षेला बसू दिलं नाही. "सायन्स घेऊन नऊ मार्क? बास झालं शिकनं," असं ते पारावर बसून सांगायचे. गावात त्याला 'नऊ मार्क्या' म्हणू लागले. तो वालूर सोडून जिंतूरला एका मोटारवाल्याच्या हाताखाली राहिला, आणि काही वर्षांनी स्वतःचं दुकान टाकलं.

मी त्या रस्त्यानं जायचं टाळायचो. पण निवृत्तीनंतर माझ्या घरच्या बोअरची मोटार जळाली, आणि जो तो एकच नाव सांगू लागला. शेवटी गेलो. तो उठून उभा राहिला, हात पुसले, स्टूल पुढं सरकवलं. मी वाट पाहत होतो त्या प्रश्नाची. तो म्हणाला, "सर, तुमाला न्हाई इचारत. तुमी देनारे, आमी घेनारे."

मोटार खोलून बसला. दुकानात एक शेतकरी आणि त्याचा भाऊ होते. बराच वेळ खाली मान घालून तो तार काढत होता. मग मान वर न करताच म्हणाला, "सर, एक इचारू का? राग नका मानू. त्या दिवशी माझं आठ आलं व्हतं. तीनदा फिरवून बगितलं, तीनदा आठ. सगळ्यांचं पाच. लय डोस्कं लावलं म्या. आजून रातच्याला कधी कधी मनात मोजायलोय. कुटं चुकलं आसंल?"

त्यानं मला दोषी धरलं नव्हतं. त्याला खरोखर वाटत होतं की तोच चुकला. दुनियेतल्या सगळ्या गुणवंतांना तो तुच्छ लेखत होता, पण त्या एका आकड्यापुढं स्वतःवरच त्याचा विश्वास नव्हता. एक वाक्य पुरेसं होतं. ते दोघं भाऊ माझ्याकडं बघत होते. गावात मला अजून वाकून नमस्कार करतात लोक.

मी म्हणालो, "तारांची टोकं सैल राहिली असतील. स्क्रू आवळला नसशील."

त्याचा चेहरा मोकळा झाला. "आसंल सर. घाई व्हती. बरं झालं सांगितलं, एवढे वर्ष डोस्क्यात व्हतं." आणि त्यानं माझ्या पायाला हात लावला. मी लावू दिला.

त्या दिवसापासून त्याला नवं वाक्य मिळालं. मोटार बांधून देताना प्रत्येकाला सांगायचा, "टोकं आवळा. टोकं सैल ऱ्हायली की सगळं खोटं येतं." प्रत्येक जोड दोनदा, तीनदा तपासायचा. त्याच्या दुकानातून गेलेली मोटार परत येत नाही, असं लोक म्हणायचे. माझ्या खोट्यानं त्याचं काम आणखी चोख झालं, आणि या गोष्टीत आपलं थोडं पुण्य आहे असं समाधानही मी काही दिवस मानून घेतलं. माणूस किती खाली जाऊ शकतो, त्याचा मला अंदाज आहे.

दोन वर्षांपूर्वी त्याची मूत्रपिंडं निकामी झाली. परभणीला दवाखान्यात होता. मी एसटीनं तीनदा गेलो. पहिल्यांदा त्याच्याजवळ माणसं होती. दुसऱ्यांदा तो झोपला होता. तिसऱ्यांदा दारापर्यंत गेलो. तो जागा होता, एकटा होता, आणि खाटेच्या कडेचा सैल झालेला स्क्रू नखानं फिरवत होता. मी तिथूनच मागं फिरलो. त्याच्यासाठी नेलेली केळी परभणीच्या स्टँडवर बसून खाल्ली.

त्यानंतर आठवड्यानं तो गेला. तेराव्याला मी वालूरला गेलो. लोक त्याच्या आठवणी काढत होते, त्याची वाक्यं सांगून हसत होते, डोळे पुसत होते. निघताना त्याच्या बायकोनं एक घडी घातलेला कागद माझ्या हातात दिला. "सर, गुणपत्रिकेच्या मागं ठिवला व्हता. तुमच्या इषयाचा हाय. तुमी ठिवा, आमाला काय कळतंय."

परीक्षेतला कच्चा कागद होता. तीन रीडिंग, तीनही उत्तरं आठ, अक्षर पोरवयातलं. खाली निळ्या पेननं, अलीकडच्या अक्षरात, एक रेघ मारून लिहिलं होतं, 'टोकं सैल'.

तो कागद आता माझ्या टेबलावर आहे. ते दोन शब्द खोडायला मी कितीदा पेन हातात घेतलं. कागदावर खोडून काय उपयोग? जे सांगायचं होतं, ते दुकानात, त्याच्या समोर, त्या दोघा भावांच्या देखत सांगायचं होतं. फार लांबलचक नव्हतं ते.

मुंजाजी, टोकं घट्ट होती.