मावशींची टाच

हे मी वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलेलं नाही. तसं मी तिच्यापासून बरंच काही लपवलं आहे, तेही पुढे येईलच. पण ही गोष्ट मी एकटा असतानासुद्धा कधी मोठ्यानं बोललेलो नाही. आणि एकटा तर मी बहुतेक वेळ असतोच. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी नागपूरचा. वय सत्तेचाळीस. आयुष्य सॉफ्टवेअरमध्ये गेलं, शेवटची आठ वर्षं इथं, टेक्ससमधल्या प्लेनोत. मग एका सकाळी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर नोकरी गेली. वर्क व्हिसावर असलेल्या माणसाला अशा वेळी दोनच महिने मिळतात. वैशाली आणि मुलगी नागपूरला परतल्या. मी स्टुडंट व्हिसा घेऊन मागं राहिलो आणि कम्युनिटी कॉलेजात नर्सिंगच्या कोर्सला नाव घातलं. मोठ्या नर्सच्या हाताखाली काम करणाऱ्या नर्सचा कोर्स — गोळ्या द्यायच्या, ड्रेसिंग करायचं, अंघोळ घालायची, डायपर बदलायचे.

घरी सांगितलं, हेल्थकेअर डेटामध्ये मास्टर्स करतोय. इथल्या मराठी मंडळात कोणी विचारलं तरी तेच.

लाज कशाची वाटत होती? कामाची नाही, असं मला अजूनही वाटतं. म्हाताऱ्या माणसाची पाठ पुसताना माझे हात कधी अडखळले नाहीत. लाज होती ती कोणी ओळखीचं बघेल याची. इंडियन ग्रोसरीत जायचं झालं तर मी भर उन्हाळ्यात नर्सच्या गणवेशावर स्वेटर चढवायचो.

वर्गातली बाकीची पोरं विशीतली. ती मला ‘सर’ म्हणायची आणि जेवायला वेगळ्या टेबलावर बसायची. मी डबा गाडीत बसून खायचो, काचा वर करून. मराठी बोलणं आठवड्यातून एकदा, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर. त्यातही अर्धं खोटं.

असो. मी उगाच रेंगाळतोय.

दर मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आम्हाला प्रॅक्टिकलसाठी एका नर्सिंग होममध्ये नेत. तिथं अकरा नंबरच्या खोलीत एक बाई आल्या. ऐंशीच्या पुढच्या, डायबेटिसच्या, आणि विसरण्याच्या आजारानं इंग्रजी पार पुसून गेलेलं. दारावरचं आडनाव वाचलं आणि फाइलमध्ये मुलाचं नाव शोधलं. अविनाशची आई. अविनाश आणि मी मंडळात एका वर्षी गणपतीच्या कमिटीवर होतो, मखराचे थर्माकोल दोघांनी मिळून कापले होते. त्याच्या आईला मात्र मी कधी भेटलो नव्हतो.

त्यांच्या फाइलवर भाषा ‘हिंदी’ लिहिली होती. यादीत मराठी नसणार, म्हणून अविनाशनं जवळचं काहीतरी निवडलं असेल. तो यायचा रविवारी. त्यामुळं आमची गाठ पडत नव्हती, आणि मी देवाचे आभार मानत होतो.

एका मंगळवारी मावशी — मनातल्या मनात मी त्यांना मावशीच म्हणायचो — सकाळपासून ओरडत होत्या. मोजा काढायला गेलं की पाय ओढून घ्यायच्या, एका मुलीला त्यांनी चापटही मारली. वॉर्डची प्रमुख ग्रेस नावाची केनियाची नर्स होती. तिनं फोनवर हिंदीचा दुभाषी लावून पाहिला. तो म्हणाला, ही हिंदी नाही, मला काही अर्थ लागत नाही. दुसऱ्या भाषेचा दुभाषी मागवता आला असता, पण कुठल्या भाषेचा, ते तर कळायला हवं. म्हणून ग्रेसनं मला बोलावलं.

मावशींनी माझ्याकडं पाहिलं. माझा चेहरा, रंग, छातीवरचा नावाचा बिल्ला — काय दिसलं त्यांना कोण जाणे. एकदम शांत झाल्या. म्हणाल्या, “तू कोनाचा रे बाबू? टाच लय ठणकून राहिली. सांग ना यायले.”

माझी मोठी आत्या अशीच बोलायची. हुबेहूब. दोन वर्षांत कोणी मला बाबू म्हटलं नव्हतं.

ग्रेसनं विचारलं, “ही तुझी भाषा आहे का?”

मी म्हणालो, “नाही.”

एवढ्यावर थांबलो असतो तर? ग्रेसनं आणखी कोणाला विचारलं असतं, अविनाशला फोन केला असता. पण मी थांबलो नाही. मी म्हणालो, “आमच्याकडं पुष्कळ भाषा आहेत. पण मला तर ही भाषाच वाटत नाही. नुसते आवाज आहेत.”

हे दुसरं वाक्य कोणी मागितलं नव्हतं. ते मी का बोललो? डोक्यात इतकंच होतं — एकदा मराठी बोललो की मी त्यांचा माणूस झालो. ग्रेस कौतुकानं अविनाशला सांगणार, तुमच्या आईशी बोलणारा एक विद्यार्थी आहे आमच्याकडं. गणपतीपर्यंत सगळ्या मंडळाला कळणार. मग नागपूरला.

ग्रेस म्हणाली, “तुलाच कळत नाही, म्हणजे डिमेन्शियाच आहे.” दुभाष्याचा विषय तिथं संपला.

गुरुवारी मावशी माझ्याच वाट्याला आल्या. खोलीत आम्ही दोघंच. मी मोजाला हात लावला तशा त्या कळवळल्या. “नको रे. टाच... मोजा नको.” मग त्यांनी माझं मनगट धरलं. “तुले समजते ना सारं? मंग काऊन बोलत नाही?”

मला सारं समजत होतं. मी मनगट सोडवून घेतलं, पांघरूण पायांवर ओढलं आणि फॉर्म भरला. त्वचेची तपासणी: रुग्णानं नकार दिला. बोलणं: असंबद्ध. खाली माझी सही.

मराठी कबूल न करतासुद्धा मी ग्रेसला म्हणू शकलो असतो — एकदा टाच बघा. तीन शब्द. कसं कळलं, असं तिनं विचारलं असतं का? बहुधा नाही. शिकाऊ नर्सनं टाच बघायला सांगणं यात नवल कसलं? डायबेटिसच्या माणसाची टाच रोज बघायची, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. त्या पेपरात मला चांगले मार्क होते.

शनिवारी अंघोळ घालणाऱ्या बाईनं मोजा कात्रीनं कापून काढला. टाच काळी पडली होती. पुढच्या मंगळवारी मी गेलो तेव्हा अकरा नंबरचा पलंग रिकामा होता, गादीवर नुसतं प्लॅस्टिक. दोन आठवड्यांनी कळलं, पायाचं विष अंगात भिनलं, हॉस्पिटलातून त्या परत आल्या नाहीत.

आदल्या मंगळवारीच कळलं असतं तर वाचल्या असत्या? मला माहीत नाही, आणि कोणा डॉक्टरला मी विचारलेलंही नाही. पण मंगळवार ते शनिवार त्या ठणकती टाच घेऊन पडून होत्या, आणि त्या काय म्हणताहेत हे त्या इमारतीत एकाच माणसाला कळत होतं.

ग्रेसला माझ्यासाठी वाईट वाटलं. म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस. तिचं बोलणं कोणालाच समजत नव्हतं.” मी म्हणालो, “थँक यू.”

त्या वर्षी मी मंडळाच्या गणपतीला गेलो. न जाण्याची चर्चा झाली असती. शाळेच्या हॉलमध्ये जेवणाच्या रांगेत, हातात कागदी प्लेट घेऊन, अविनाश माझ्या पुढंच उभा होता.

“काय रे, दिसत नाहीस हल्ली. कुठं असतोस?”

“हेल्थकेअर. डेटाचं काम.”

“बरंय यार, एसीत बसून.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आई गेली, कळलं का तुला?”

मी कधी, कशानं, असं सगळं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. नर्सिंग होमचं नाव, टाच, हॉस्पिटल. मी मान हलवत होतो. शेवटी म्हणाला, “एक गोष्ट डोक्यातून जात नाही बघ. तिथं तिचं बोलणं समजणारं एक माणूस नव्हतं.”

रांग पुढं सरकली. वाढणाऱ्या काकूंनी माझ्या प्लेटमध्ये मसालेभात घातला.

मी म्हणालो, “हो ना. इथं हेच आहे.”