आधी फोन आत द्या

नर्गिस दार उघडत नव्हती. खाली भोसले सर गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत होते आणि नगरच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आमची वाट बघत होत्या.

मी निर्वासित कुटुंबांसाठी काम करणाऱ्या संस्थेत केस वर्कर आहे. केस वर्कर म्हणजे परक्या गावात अडकलेल्या कुटुंबाचं घर, शाळा, दवाखाना मार्गी लागेपर्यंत त्यांच्यासोबत राहणारं माणूस. नर्गिसचा नवरा फरीद अफगाणिस्तानातल्या हेरातहून राहुरीला शेतकी शिकायला आला होता. बायको आणि मुलगी सोबतच होत्या. शिकत असतानाच तिकडचं सरकार पडलं आणि परत जायची सोय उरली नाही. पुढे शिष्यवृत्ती संपली, क्वार्टर सोडावी लागली. तेव्हा आमच्या स्वयंसेवकांनी त्यांना शैलाकाकूंच्या माडीवर दोन खोल्या मिळवून दिल्या.

आता नर्गिसचे दिवस भरत आले होते. आदल्या दिवशी तपासणीत बीपी फार वाढलेलं निघालं. पायांवर सूज होती. डॉक्टर म्हणाल्या, "उद्या सकाळी ॲडमिट करा. यात उशीर केला तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका." फरीद व्हिसाच्या कामासाठी पुण्याला गेलेला.

"नर्गिस, दरवाजा खोलो. डॉक्टर के पास जाना है," मी खिडकीशी जाऊन म्हटलं.

"नहीं जाना. सब लोग जाओ."

माझ्यासोबत बेलापूरच्या रोझी सिस्टर होत्या. निवृत्त नर्स. त्यांनी विचारलं, "डोकं दुखतंय का? डोळ्यांपुढं अंधारी येते का?"

शैलाकाकू जिना चढून वर आल्या. "रातच्यापस्नं आसंच चाललंय. पोरगी माझ्याकडं हाय, जेवली बी. पन ही कडी काढंना. लई रडत हुती."

मी फरीदला फोन लावला. त्याची हिंदी-मराठी मिसळून बोलायची सवय. म्हणाला, "मॅडम, फोटो. कुणीतरी आमचा फोटो फेसबुकवर टाकला. नाव, गाव, सगळं लिहिलं. तो हेरातपर्यंत गेला."

नर्गिसचा भाऊ आधीच्या सरकारच्या पोलिसात होता. आपली बहीण कुठे आहे, हे त्यानं तिकडे कुणाला कळू दिलं नव्हतं. फोटो दिसल्यावर नव्या सरकारचे लोक त्याच्या दारात चौकशीला आले. तो मागच्या वाटेनं निघून गेला आणि तेव्हापासून त्याचा फोन बंद होता.

मी खाली गेले. भोसले सर म्हणजे आमच्या स्वयंसेवकांचे म्होरके. बँकेतून निवृत्त झालेले, हौशी, कधी नाही न म्हणणारे.

"सर, नर्गिसचा फोटो तुम्ही टाकलात?"

"हो, किराणा दिला तेव्हाचा. लोकांनी बघितलं की मदत वाढते ना."

"तिला विचारलं होतं?"

"त्यात काय विचारायचं? हसत होती की ती."

मी त्यांना भावाचं सांगितलं. सरांनी गाडी बंद केली. मग फोटो काढून टाकला आणि ज्यांनी ज्यांनी तो पुढं पाठवला होता, त्यांना एकेक करून फोन लावू लागले. "काढा तो. कारण नंतर सांगतो, आधी काढा."

मी वर येऊन नर्गिसला म्हटलं, "फोटो निकाल दिया."

ती आतून म्हणाली, "सब के पास फोन है."

खरंच होतं. इतके दिवस रोज नवी माणसं येत होती आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता. मी माझा फोन खिडकीच्या गजांतून आत धरला. "ये तुम रखो." जरा वेळानं एका हातानं तो घेतला. रोझी सिस्टरांनीही आपला दिला. शैलाकाकूंनी कमरेचा साधा फोन काढला. "ह्यात क्यामेरा न्हाई बाई, पन ठिव तुझ्यापाशी."

कडी निघाली. नर्गिसचा चेहरा सुजलेला होता. सिस्टर तिचा हात धरून जिना उतरल्या.

सरांनी गाडीची किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही चालवा. मला बघून ती परत बिचकेल." वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागे बराच वेळ अडकलो. मागच्या सीटवर सिस्टर नर्गिसशी हळू आवाजात बोलत राहिल्या.

दुपारी सिझेरियन झालं. मुलगी. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "दोघी ठीक आहेत. वेळेत आणलंत." तेव्हा कुठं मी खाली बसले. फरीद पुण्याहून धावत आला आणि काचेतून लेकीला बघत भिंतीला टेकून रडला.

घरी सोडायच्या आत तिच्या भावाचा फोन आला. तो इराणात एका नातेवाइकाकडं सुखरूप पोचला होता. बोलता बोलता नर्गिस इतक्या मोठ्यानं हसली की वॉर्डातल्या सिस्टर टाके सांभाळायला सांगत आल्या. मी पहिल्यांदाच तिला असं हसताना ऐकलं.

पुढच्या बैठकीत भोसले सरांनी घडलेलं सगळं स्वतःच सांगितलं. आता त्या घरी फक्त रोझी सिस्टर आणि शैलाकाकू जातात. सर नगरमध्ये फरीदसाठी नोकरी शोधतात. रोपांच्या एका नर्सरीत त्याचं जमेल असं दिसतंय.

नव्या स्वयंसेवकांना मी सांगते: कुटुंबाला दोन ओळखीची माणसं पुरतात. बाकीच्यांनी त्यांच्या दारात न जाता, सरांसारखी बाहेरून मदत करावी. तसलं कामही भरपूर असतं, पण ते करायला सहसा कुणी हात वर करत नाही.